खाली गाड्या, वर बाजार

ब्रसेल्सच्या नगरपालिकेनं २०१४च्या अखेरीस जो हिशेब मांडला, तो कागदावर देखणा होता. शहराच्या मधून जाणारा आन्स्पाख हा मोठा रस्ता पायी चालणाऱ्यांना द्यायचा, तिथल्या गाड्या बाहेर काढायच्या आणि त्या गाड्यांची सोय म्हणून मध्यवस्तीत आजूबाजूला चार नवी भुयारी पार्किंग खणायची. त्यातलं एक मारोल वस्तीतल्या ‘प्लास द्यू ज्यू द बाल’ या चौकाखाली. काम झालं की चौक पुन्हा होता तसा. खाली गाड्या, वर बाजार. डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही, मग बिघडतं कुठं?

वस्तीतल्या लोकांना आधी कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी न विचारताच उत्तर दिलं. थोड्याच आठवड्यांत वीस हजारांवर सह्या जमल्या, खिडक्यांत फलक लागले, चौकात सभा झाल्या आणि २०१५च्या सुरुवातीलाच नगरपालिकेनं त्या चौकाखालच्या पार्किंगचा नाद सोडला.

पार्किंग नको म्हणून भांडणारे लोक! सदाशिव पेठेत राहणाऱ्या माणसाला हे ऐकून आधी हसूच येतं. आमच्याकडे ‘पार्किंग आहे का?’ हा प्रश्न फ्लॅट घेताना, लग्नाचं कार्यालय ठरवताना, हल्ली तर दवाखाना निवडतानाही पहिला असतो. मलाही हसू आलं होतं. तो चौक पाहून आल्यावर मात्र मला वाटू लागलं की हिशेब त्या लोकांनाच कळला होता, आणि आपण पुण्यात तो गेली चाळीस वर्षं उलटा मांडत आलो आहोत.

भाची तिकडे नोकरीला आहे, म्हणून जाणं झालं. तिनं दाखवलेली प्रेक्षणीय स्थळं एका दिवसात उरकली आणि मग मी सकाळी सकाळी त्या चौकात जाऊन उभा राहू लागलो. तिथं १८७३पासून जुना बाजार भरतो, आणि तोही रोज. दगडी फरसबंदीवर चादरी अंथरलेल्या, त्यावर पितळी दिवे, एकेकटे बूट, तडा गेलेली सूपपात्रं, कुलपं हरवलेल्या किल्ल्या. केळ्यांच्या रिकाम्या खोक्यांत फोटो: कुणाचं लग्न, कुणाचं बाळ, समुद्रकिनाऱ्यावर ओळीनं उभं राहिलेलं एक कुटुंब. कुणी म्हातारं माणूस वारलं की घर रिकामं करून देणारे लोक ते अख्खं घर इथं आणून ओततात. विकणाऱ्यांत मोरोक्कोहून आलेल्या घरांतले पुष्कळ. घासाघीस फ्रेंचमध्ये सुरू होते, अरबीत शिव्या खाते आणि बोटांच्या खुणांवर मिटते. दुपारी दोनच्या सुमारास बाजार उठतो. जे विकलं गेलं नाही आणि परत नेण्याच्या लायकीचं नाही ते विक्रेते तिथंच टाकून जातात. मग दुसरी पाळी येते. न विकलेल्या ढिगातून कामाचं काही सापडतंय का, ते बघणाऱ्यांची. कोट घातलेली एक बाई एका हाताचा टेडी बेअर उचलून, झटकून, पिशवीत घालताना पाहिली. त्यानंतर सफाईवाले येतात आणि चौक धुऊन निघतो.

पुण्यात मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार ज्यानं पाहिलाय त्याला यात परकं काहीच वाटणार नाही. फक्त तिथं केळ्यांच्या खोक्यांऐवजी ताडपत्री आणि सूपपात्रांऐवजी पितळेचे डबे, मोटारींचे सुटे भाग.

आता असा बाजार ‘काम होईपर्यंत’ हलवायचा म्हणजे काय? चौकाखाली काही मजले खणायचे म्हणजे दोन-तीन वर्षांची निश्चिती. नकाशावर ते एक पिवळं चौकोनी कुंपण असतं. प्रत्यक्षात रोज पहाटे गाडी लावून माल उतरवणारा माणूस तीन वर्षं दुसरीकडे पोट भरतो, किंवा धंदा बदलतो. त्याच्यासाठी पहाटे उघडणाऱ्या कोपऱ्यावरच्या खानावळीचं गिऱ्हाईक तुटतं. तीन वर्षांनी चौक चकचकीत होऊन परत मिळतो तेव्हा परत यायला कुणी उरलेलं नसतं, आणि मग तिथं शनिवार-रविवार ‘हेरिटेज फ्ली मार्केट’ भरवायला एखादी इव्हेंट कंपनी पुढे येते. ‘तात्पुरतं स्थलांतर’ हे दोन शब्द आमच्या पथारीवाल्यांसमोर उच्चारून बघा, ते काय तोंड करतात ते.

मारोलच्या लोकांच्या संशयाला इतिहासही आहे. वस्तीच्या डोक्यावर टेकाडावर ब्रसेल्सचं न्यायमंदिर उभं आहे. १८६६ ते १८८३ या काळात बांधलेली ती अवाढव्य इमारत. तिच्यासाठी या गरीब वस्तीचा एक तुकडा पाडला, माणसं हुसकली. वास्तुविशारदाचं नाव पुलार्ट. पण वस्तीच्या बोलीत ‘स्खीवन आर्कितेक’, म्हणजे ‘वाकडा आर्किटेक्ट’, ही शिवी होऊन बसली. आपल्याकडे एखाद्या इंजिनिअरचं पद शिवी म्हणून रूढ झाल्याचं मला आठवत नाही. तेवढी आपली जीभ धारदार नाही किंवा स्मरणशक्ती लांब नाही. (त्याच इमारतीभोवती १९८०च्या दशकात दुरुस्तीसाठी परांची बांधल्या. त्या इतकी वर्षं राहिल्या की पुढे परांचीच दुरुस्त करायची वेळ आली. हे ऐकून पुणेकराला परदेशात असल्यासारखं वाटेनासं होतं.)

मग १९६९मध्ये त्याच न्यायमंदिराच्या विस्तारासाठी आणखी घरं ताब्यात घ्यायची नोटीस निघाली. या वेळी लोक उठले. झाक व्हान देर बीस्ट नावाचा पाद्री त्यांच्या पुढे होता. सरकारला माघार घ्यावी लागली आणि वस्तीनं त्या सप्टेंबरात जल्लोष केला तो थेट अंत्ययात्रा काढून. ‘प्रोमोतर’ म्हणजे बिल्डर आणि त्याची पत्नी ‘ब्यूरोक्रसी’, दोघांना प्रतीकात्मक मूठमाती दिली. त्या ‘थडग्या’ची पाटी गल्लीत आजही आहे. २०१४मध्ये पार्किंगचा बेत आला तेव्हा त्या वस्तीला सभा कशी घ्यायची हे नव्यानं शिकावं लागलं नाही.

पण इतिहास हा काही युक्तिवाद नव्हे. एखाद्या वस्तीला पूर्वी छळलं म्हणून तिचा आजचा प्रत्येक विरोध बरोबर ठरत नाही. खरा मुद्दा हिशेबाचा आहे.

पार्किंग बांधणारे असं धरून चालतात की गाड्यांची संख्या ठरलेली आहे. जणू पाऊस पडलाय, पाणी रस्त्यावर साचलंय आणि आता ते साठवायला टाकी हवी. पण गाड्या पावसासारख्या आभाळातून पडत नाहीत. गूळ तिथे मुंगळे. मध्यवस्तीत जागा मिळेल अशी खात्री झाली की बसनं येणारा माणूस गाडी काढतो, एका कामासाठी येणारा तीन कामांसाठी तीनदा येतो. भुयारी पार्किंगला दोन उतार लागतात, आत जायचा आणि बाहेर यायचा. ते चौकाच्याच दोन गल्ल्या खातात. आणि त्या उतारापर्यंत पोचायला प्रत्येक गाडीला त्याच जुन्या, अरुंद गल्ल्यांतून यावं लागतं. जमिनीखाली फक्त उभी गाडी जाते. धावती गाडी, तिचा धूर आणि तिचा हॉर्न वरच राहतो.

जागेचं म्हणाल तर आपल्याकडच्या नियोजनाच्या ठोकताळ्यात उघड्यावरच्या एका गाडीला २३ चौरस मीटर धरतात, इमारतीखाली २८ आणि तळघरात ३२. तळघरातला आकडा जास्त, कारण वळायला वाट, उतार, खांब. ३२ चौरस मीटर म्हणजे साडेतीनशे चौरस फूट. आमच्या वाड्यात एवढ्या जागेत दोन बिऱ्हाडं सुखानं नांदत होती. ‘सुखानं’ हा शब्द मागे घेतो, पण नांदत होती.

आणि ही जागा कुणाच्या गाडीला? ब्रसेल्समधल्या जवळपास निम्म्या घरांत गाडीच नाही, आणि मारोल ही शहरातल्या गरीब वस्त्यांपैकी. म्हणजे ज्यांच्या चौकाखाली खणायचं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे गाडी नव्हती. ज्यांच्याकडे होती ते तिथले नव्हते. एका बाजूला आन्स्पाखवर झाडं, बाकं, मुलांच्या सायकली. त्या सुखाचं बिल दुसऱ्या, गरीब वस्तीच्या नावे. मला या प्रकरणातली सगळ्यात बोचरी गोष्ट हीच वाटते. आन्स्पाख मोकळा करा ही मागणी नागरिकांचीच होती. २०१२मध्ये फिलिप व्हान पारीस या तत्त्वज्ञाच्या हाकेवर लोकांनी त्या रस्त्यावर सतरंज्या पसरून, डबे उघडून वाहतूक अडवली होती. मागणी न्याय्य, नगरपालिका समाजवाद्यांची, तरी हिशेब जमवताना हात गेला तो मारोलकडेच. वाईट हेतूची गरज पडत नाही. नकाशावर मोकळा दिसणारा चौक पुरतो.

जून २०१५च्या अखेरीस आन्स्पाखवरून गाड्या हटल्या. ज्यू द बालखालचं पार्किंग झालेलं नव्हतं. त्या पार्किंगवाचून अडलं नाही.

आता मंडईकडे या.

महात्मा फुले मंडईच्या दोन बाजूंना महापालिकेची दोन बहुमजली पार्किंग आहेत, ‘आर्यन’ आणि ‘मिनर्व्हा’. माझ्या मुलाला ही पार्किंगची नावं वाटतात. ती तिथं उभ्या असलेल्या सिनेमागृहांची नावं. आर्यन तर १९१५चं, पुण्यातलं पहिलं कायमस्वरूपी सिनेमागृह. म्हणजे आम्ही जुन्या गावात पार्किंग बांधून पाहिलेलं आहे, तेही एक नव्हे दोन, आणि त्यासाठी जे द्यायचं ते देऊन झालेलं आहे. मंडईभोवतीचे रस्ते सुटले का? दिवाळीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी बाबू गेनू चौकात उभं राहून याचं उत्तर ज्याचं त्यानं घ्यावं. आर्यनमध्ये वरच्या मजल्यावर जागा असतानाही खाली फुटपाथला चिकटून दुचाक्यांची रांग असते. पाच मिनिटांच्या कोथिंबिरीसाठी तिसऱ्या मजल्यावर कोण जाणार?

तरी ही दोन पार्किंग डोळ्यांना दिसतात. जे दिसत नाही ते जास्त मोठं आहे. गेल्या तीस वर्षांत पेठांत जो जो वाडा पडला त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर माणूस राहत नाही, गाडी राहते. नियमच तसा; पार्किंग दाखवल्याशिवाय नकाशा मंजूर होत नाही. आमच्या वाड्याला रस्त्याच्या बाजूला ओटा होता. तिथं संध्याकाळी दोन म्हाताऱ्या निवडायला भाजी घेऊन बसत. एक पेपरवाला, एक इस्त्रीवाला, आल्यागेल्याची चौकशी. बोळात शिरणारा अनोळखी माणूस त्या ओट्याच्या नजरेतून सुटत नसे. आज तिथं लोखंडी सरकतं गेट आहे, आत अंधार आणि ‘एकावर एक’ गाड्या चढवण्याचं हायड्रॉलिक यंत्र. बिल्डरनं ते आकडा भरण्यापुरतं बसवलं. दुसऱ्या वर्षी ते बंद पडलं. दुरुस्तीचा खर्च कुणी द्यायचा यावर सोसायटीच्या चार बैठका झाल्या, आणि आता वरच्या फळीवर कबुतरं, खालच्या फळीवर कुणाच्या तरी जुन्या गाद्या. गाड्या बोळात.

एकेका वाड्यानं हे केलं म्हणून कुणी मोर्चा काढला नाही. मीही नाही. उलट तीन खोल्यांच्या भाडेकरूला स्वतःचा फ्लॅट मिळाला, संडास घरात आला, यात मला आनंदच होता आणि आहे. वाडा पडल्याबद्दल हळहळणाऱ्यांत वाड्यात कधी न राहिलेलेच जास्त असतात. पण पेठेतल्या गल्लीच्या दोन्ही बाजूंचा जमिनीलगतचा सगळा पट्टा गाड्यांना देऊन टाकला, हा व्यवहार आम्ही कधी व्यवहार म्हणून पाहिलाच नाही.

आम्ही विरोध केला तो कशाला? २०१८च्या मार्चमध्ये महापालिकेपुढे पार्किंग धोरण आलं. रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे मोजा, गर्दीच्या जागी जास्त मोजा, असं त्याचं सार. गदारोळ झाला. सगळ्या पक्षांना एकाएकी सामान्य माणूस आठवला. मुख्य सभेनं धोरण मंजूर केलं ते कापून, प्रायोगिक म्हणून पाच रस्त्यांपुरतं, आणि पुढे तेही वर्षानुवर्षं फाइलीत राहिलं. मारोलच्या लोकांनी पार्किंगला विरोध केला, आम्ही पार्किंगच्या पावतीला. रस्त्यावरची शंभर चौरस फूट सार्वजनिक जागा दिवसभर फुकट वापरणं हा आम्हाला हक्क वाटतो, आणि त्याच जागेवर भाजीची पाटी घेऊन बसलेली बाई हे अतिक्रमण.

यावर एक उत्तर नेहमी येतं, आणि ते सोडून देण्यासारखं नाही. स्थानिकांचा विरोध म्हणजे शहाणपण असं कुठे आहे? नाहीच. मंडईचंच बघा. भाजीवाले पूर्वी शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात बसत. त्यांना हलवून लाखो रुपयांची मंडई बांधायचं ठरलं तेव्हा नगरपालिकेत त्या खर्चाला विरोध करणाऱ्यांत जोतीराव फुले होते. त्यांचं म्हणणं, हा पैसा शिक्षणाकडे वळवा. मंडई बांधली गेलीच. १८८६मध्ये गव्हर्नर रे यांच्या नावानं ती उघडली, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं तिला नाव मिळालं ते फुल्यांचंच. आज मंडईशिवाय पुणे डोळ्यांपुढे येत नाही. म्हणजे विरोधक हरले आणि गावाचं भलं झालं, असंही घडतं.

आणि ब्रसेल्समध्येच २०२२मध्ये उलटा प्रकार झाला. वस्त्यांमधून आरपार जाणाऱ्या गाड्या रोखण्यासाठी नवी वाहतूक योजना आली, तेव्हा क्युरेगेम या गरीब वस्तीतच लोक संतापले. अडथळे उखडले गेले आणि योजना मागे घ्यावी लागली. तिथल्या माणसाचं म्हणणं होतं की माझं दुकान, माझं काम गाडीवर आहे, तुम्ही मला न विचारता माझी गल्ली बंद केली. माझ्या मते योजना चांगली होती आणि त्यांचा रागही खरा होता.

मग निवाडा कसा करायचा? मी स्वतःपुरता एकच प्रश्न ठेवला आहे: या बांधकामानंतर त्या जागेवर कोण बसणार आणि कोण उठणार? मंडईनं भाजीवाल्याला उन्हातून उठवून छपराखाली बसवलं. फुल्यांचा खर्चाचा मुद्दा रास्त होता, तरी जागा भाजीवाल्याचीच राहिली. ज्यू द बालच्या योजनेत बसणारी होती ती दुसऱ्या उपनगरातली गाडी आणि उठणारा होता केळ्यांच्या खोक्यांतून फोटो विकणारा. क्युरेगेममध्ये उठणाऱ्याला आपण उठतोय असं वाटलं, आणि बसणार कोण हे त्याला कुणी दाखवलंच नाही.

जुन्या गावातल्या म्हाताऱ्यांचं काय, अपंगांचं काय, माल उतरवणाऱ्या टेम्पोचं काय, हे प्रश्न मला माझ्याच घरात विचारले जातात. आईला गुडघ्यांमुळे चार पावलं चालवत नाही. पण तिला दवाखान्याच्या दारात उतरवायला दोन मिनिटं थांबणारी रिक्षा लागते. साडेतीनशे चौरस फुटांचं भुयार लागत नाही. दारात रिक्षा थांबत नाही, कारण दारात सकाळपासून कुणाची तरी गाडी उभी आहे.

२०२१पासून ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन करते. नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक एवढा लक्ष्मी रस्ता दिवसभर गाड्यांना बंद. पहिल्या वर्षी मी आईला व्हीलचेअरवरून घेऊन गेलो. रस्त्याच्या बरोबर मधोमध. ती कितीतरी वर्षांनी लक्ष्मी रस्त्याकडे मान वर करून बघत होती. दुकानांच्या पाट्यांच्या वर जुन्या इमारतींचे लाकडी सज्जे आहेत, ते तिला दिसले. ‘हे अजून आहे होय,’ असं दोनदा म्हणाली. परत येताना आमच्या बोळाच्या तोंडाशी अडकलो. लक्ष्मी रस्त्यावरून हटवलेल्या गाड्या बोळात दोन्ही बाजूंना लागल्या होत्या आणि मधून खुर्ची जाईना. शेवटी शेजारच्या दोन पोरांनी आईला खुर्चीसकट उचलून एका पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवरून पलीकडे उतरवलं.